अण्णांचे डावे हात

माझ्या सासऱ्यांचा उजवा हात स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नव्हता. जेवताना ताटाच्या कडेवर, एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला बसले की मांडीवरच्या धोतरावर, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून तो आपला वर-खाली, वर-खाली चाललेला असे. नवख्या माणसाला वाटे, यांना खाज सुटलीय. मलाही तसंच वाटलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा समोर बसलेला हा उंच, रापलेला, मिशीवाला माणूस माझ्याशी बोलता बोलता बशीची कड खरवडत होता आणि मी मनात म्हणत होतो, या घरात नायटा-बियटा आहे की काय, कुणाकडून तरी विचारून घ्यायला हवं.

लग्नासाठी म्हणून जी माहिती आम्ही पाठवली होती, तिच्यात मी 'आवड : वाचन, संगीत' असं ठोकून दिलं होतं. अण्णांनी नेमकं तेच धरलं.

"संगीत? काय वाजवतासा?"

"वाजवत नाही. आवड आहे."

"आवड म्हंजे?"

"म्हणजे... रेडिओ लावतो."

अण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. तिथं माझ्या होणाऱ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं. "रेडू लावत्यात," अण्णांनी त्यांना कळवलं, आणि थोडा विचार करून म्हणाले, "बरं हाय. बटन तरी दाबाय येतंय."

एवढ्या पात्रतेवर माझं लग्न ठरलं.

गाव सांगलीच्या पलीकडे, कृष्णाकाठी. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाचतात आणि मग फोन करतात. अण्णांचं पाळण्यातलं नाव भूपाल. घरची शेती उसाची, पुढे द्राक्षाची. पण पंचक्रोशीत त्यांना कुणी शेतकरी म्हणून ओळखत नसे. 'बेंजोवाले भूपालअण्णा' म्हटलं की कुणीही घर दाखवी.

ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांना सांगतो. लाकडाची हातभर लांब पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. नखी म्हणजे प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा. अण्णा ती जुन्या साबणाच्या डबीच्या झाकणातून स्वतः कापत. त्यामुळे आक्कांच्या न्हाणीघरातल्या एकाही डबीला झाकण नसे. मधल्या दोन तारांवर गाणं वाजतं. बाकीच्या तारा गाण्याच्या मागं नुसत्या गुणगुणत असतात, लग्नातल्या म्हाताऱ्यांसारख्या. सतार-सरोदवाल्या मंडळींनी या वाद्याला कधी आपल्या पंगतीला बसवलं नाही. पण आमच्याकडे वरातीत कर्ण्यातून बेंजोचा तो झणझणीत आवाज आला की उसाच्या फडातला माणूससुद्धा कोयता टेकून उभा राही.

अण्णा ते शिकले कोयनानगरला. तरुणपणी धरणाच्या वसाहतीत वायरमनच्या हाताखाली ते काही वर्षं होते. शेजारच्या खोलीत हुबळीकडचा एक माणूस होता, त्याच्यापाशी बेंजो होता, आणि बाहेर पाऊस. मधूनच भूकंपाचा लहानसा धक्का बसे, भांडी किणकिणत, हुबळीवाला म्हणे, 'नडी, नडी', म्हणजे चल, वाजव पुढं. पुढे आयुष्यभर अण्णा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून खाचखळग्यांतून वाजवत गेले आणि त्यांचं एक बटण कधी हुकलं नाही. कुणी कौतुक केलं की म्हणत, "भुई हालत असताना शिकलोय मी. ट्रॉलीचं काय सांगता?"

त्यांचं एक आवडतं तत्त्वज्ञान होतं. "बेंजोचा डावा हात हुडकतोय, उजवा मारतोय. हुडकणाऱ्याकडं कोन बगत न्हाई, मारणाऱ्याकडं समदी बगत्यात. घरात बी तसंच हाय."

हे शेवटचं वाक्य आलं की आतून आक्कांचा आवाज येई, "मग मारणाऱ्यानं एक डाव हुडकून बगावं की, चष्मा कुटं ठिवलाय त्यो!"

माझ्या लग्नात त्यांनी जे केलं ते आमच्या लोणंदच्या नातलगांत अजून सांगितलं जातं. लग्न दुपारी लागलं. संध्याकाळी वरात बस्तीला दर्शनाला निघाली. मी घोड्यावर, नवरी मागं जीपमध्ये, आणि सगळ्यांच्या पुढं ट्रॉलीत अण्णांची बेंजो पार्टी. बेंजोवर खुद्द अण्णा. मुलीचा बाप! माझ्या काकांचा चेहरा आंबला. "व्याही म्हणून शालजोडी पांघरून चालायचं सोडून हा माणूस ट्रॉलीत? शोभतं का हे?" काका माझ्या घोड्याशेजारून चालत ऐकवत होते, जणू मी घोड्यावरून उतरून सासऱ्याला बदलून आणणार होतो.

वेशीपाशी आलो. दोन्हीकडची पोरं घामाघूम होऊन नाचत होती. आणि ऐन रंगात बेंजो थांबला. अण्णांनी उसाच्या शेंड्यांवर टेकलेल्या सूर्याकडं बघितलं, नखी खिशात टाकली आणि कर्ण्यातून सगळ्यांना सांगितलं, "दिवस चाललाय. जेवान उरकून घ्या."

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. आमच्यात बरेचजण हा नेम कडक पाळतात, आणि लग्नाच्या गडबडीत तो सगळेच विसरले होते. ऐकताच ती अख्खी वरात मांडवाकडं पळाली. सगळ्यांत पुढं काका. मुलीचा बाप ट्रॉलीत बसलेला त्यांना चालत नव्हता, पण त्याच्या मांडीला मांडी लावून पंगतीत बसायला ते पहिले. वडील गेले, मामा गेले, करवल्या गेल्या. रस्त्यात उरलो मी, घोडा, घोडेवाला आणि पार्टीतला हलगीवाला गणपा.

गणपानं वर बघून विचारलं, "नवरदेव, तुमास्नी न्हाई व्हय जेवायचं?"

जेवायचं होतं. पण चढवताना चौघांनी चढवलेलं होतं, उतरायचं कसं ते कुणी सांगितलं नव्हतं. मागं जीपमध्ये सुनीता, म्हणजे माझी दुपारपासूनची बायको, निवांत बसलेली होती. तिला बापाचं घड्याळ माहीत. ती आधीच जेवून घेऊन बसली होती. शेवटी आक्काच ताट घेऊन धावत आल्या आणि जावयानं घोड्यावर बसून, मुंडावळ्या बाजूला सारत, जिलेबी आणि मसालेभात खाल्ला. घोड्यालाही एक जिलेबी मिळाली. त्याला नेम नव्हता.

अण्णा हात पुसत परत आले, ट्रॉलीत चढले आणि गाणं जिथं सोडलं होतं तिथूनच, कडव्याच्या मधूनच, उचललं. दुसऱ्या दिवशी निघताना मी धीर करून विचारलं, स्वतःच्या मुलीच्या वरातीत कशाला वाजवलंत? दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं. अण्णा म्हणाले, "पोरीच्या लग्नात बाप रडतोय. मला चार माणसांत रडाय जमत न्हाई. मग करू काय? वाजवलं."

पुढे डीजे आले. ट्रकभर भिंती रचून लोक वरात काढायला लागले आणि अण्णांची पार्टी पांगली. एकजण शिरवळच्या कारखान्यात लागला, एकानं टेम्पो घेतला, गणपानं शेळ्या घेतल्या. मला वाटलं होतं, अण्णा कडवट होतील. वय वाढलं की मीही सगळ्या नव्या गोष्टींवर कडवट होतो, अगदी नव्या प्रकारच्या बटाट्याच्या सालकाढ्यावरसुद्धा. अण्णा म्हणाले, "डीजे घरात मावत न्हाई. बेंजो काखंत मावतोय." आणि ते काखेत बेंजो घेऊन बारशांना, डोहाळजेवणांना, बस्तीतल्या पूजांना जायला लागले. पाळण्याशेजारी बसून ते इतकं हलक्या हातानं वाजवत की पोरं झोपत आणि त्यांच्या आज्या जाग्या होत.

आणि मग परवा-परवाच, म्हणजे पाचसहा वर्षांपूर्वी, एका सकाळी द्राक्षबागेत अण्णा वेलीला धरून उभे राहिले ते तसेच खाली बसले. अर्धांगवायू. डावी बाजू. सांगलीच्या दवाखान्यातून महिन्याभरानं घरी आले तेव्हा काठी टेकून चालत होते, बोलणंही थोडं जड पण समजेल असं होतं. फक्त डावा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवावा तसा पडलेला.

व्यायाम घ्यायला एक तरुण डॉक्टर यायचा. त्यानं अण्णांच्या डाव्या मुठीत रबराचा चेंडू दिला. "दाबा आजोबा, रोज दाबत राहा."

"दाबून काय व्हतंय?" अण्णा म्हणाले. "चेंडू वाजतोय व्हय?"

हे त्यांचं त्या काळातलं शेवटचं मोठं वाक्य. नंतर ते कमी कमी बोलत गेले. बेंजो कापडात गुंडाळून कपाटावर गेला. आणि मग आक्कांच्या लक्षात आलं की उजवा हातही थांबलाय. त्याला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं. तो नुसताच थांबला होता. अण्णा दोनाची एक भाकरी खायला लागले, मग अर्धी, आणि तोंड भिंतीकडं करून पडून राहायला लागले. आक्कांनी सुनीताला फोन केला. "हात गेला त्येचं काय न्हाई गं. हिकडं माणूस चाललाय."

सुनीता बँकेत, तिला रजा नाही. मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवतो, मे महिन्याची सुट्टी लागलेली. सुनीतानं माझी पिशवी भरली. "तुम्ही जा. तुम्ही तसंही घरात काय करता?" मी गेलो.

सासऱ्याजवळ बसून करायचं काय, हे मला येत नव्हतं. आमच्यात जावई म्हणजे मान घ्यायचा प्राणी; त्याला पाट, त्याला वाटीभर तूप, त्याच्यापुढं कुणी आवाज चढवायचा नाही. सेवा करणाऱ्या जावयाची पद्धतच नाही. मी पेपर वाचून दाखवला. अण्णा भिंतीकडं. मी पश्चिम घाटाच्या निर्मितीबद्दल सांगितलं, जे माझे विद्यार्थीही ऐकत नाहीत. अण्णा भिंतीकडं. अशा आठवड्यानंतर एका दुपारी, आक्का शेजारी गेल्या असताना, मी निव्वळ कंटाळून कपाटावरचा बेंजो काढला, खाटेशेजारी जमिनीवर बसलो, आणि वाजवायला लागलो.

'वाजवायला' हा शब्द उदारपणे घ्यावा. मला एक प्रार्थना येते, शाळेत रोज म्हणून म्हणून आलेली. तिची पहिली ओळ मी शोधत होतो. बटण दाबल्यावर तार छेडायची की छेडल्यावर बटण दाबायचं, हेही नक्की नव्हतं. दारातलं कुत्रं उठून गेलं. मी चिकाटीनं पुन्हा पुन्हा तीच ओळ, दर वेळी वेगळ्या ठिकाणी चुकत.

खाटेवरून आवाज आला. जड, पण स्पष्ट.

"आवं जावईबापू. त्या बेंजोनं तुमचं काय वाईट केलंय?"

मी दचकून वर बघितलं. अण्णांचं तोंड माझ्याकडं होतं.

"न्हाई, काय जुनं वैर आसंल तर सांगा. आमी मधी पडत न्हाई."

"अण्णा, मला फक्त—"

"दोन हात दिल्यात देवानं आनि दोनी भांडत्यात तुमचे. आना त्यो हिकडं. आना!"

मी त्यांना उठवून बसवलं, मागं उशी दिली, बेंजो पुढं ठेवला. नखी खिशात होती. इतके दिवस त्या बंडीच्या खिशातच होती. उजवा हात तारांवर गेला आणि एकदाच, वरून खाली, सगळ्या तारा छेडल्या. कपाटावर राहून तारा उतरल्या होत्या. अण्णांनी तोंड वाकडं केलं, माझ्याकडून खुंट्या पिळून घेतल्या, हं, आजून, आजून, बास म्हनलं की! मग परत छेडलं. आता तो आवाज खोलीत भरला. अण्णांनी डाव्या हाताकडं बघितलं. तो मांडीवरच होता. आणि मला वाटलं, संपलं, आता हे परत भिंतीकडं वळणार.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "बसा हिकडं," ते म्हणाले. "डावीकडं."

मी डावीकडं बसलो. खांद्याला खांदा लागला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या एवढ्या जवळ कधी बसलो नव्हतो. आम्ही कायम समोरासमोर, मध्ये चहा. "मी मारतो, तुमी दाबा. मी सांगंल ते."

असा मी माझ्या सासऱ्याचा डावा हात झालो.

त्या मे महिन्यात मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी विद्यार्थिदशेतही खाल्ली नव्हती. गंमत अशी की जावयाला अरे-तुरे करता येत नाही, त्यामुळे शिव्यासुद्धा अहो-जाहोत यायच्या. "आवं, तुमी काय झोपलायसा का?" "आवं, बोट हाय का मुसळ हाय जावईबापू तुमचं?" "तुमी पोरास्नी शिकवता व्हय? कीव येतीय मला त्या पोरांची." मी सोयीसाठी बटणांवर आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तर त्यांनी त्या नखीनं खरवडून काढल्या. "भाकरी खाताना तोंडावर पाटी लावतासा का?"

माझी मुख्य चूक एकच होती. त्यांच्या नखीचा आवाज ऐकून मग मी बटण दाबायचो. अण्णा वैतागायचे. "माझ्या मागनं येऊ नका. माझ्या आदी जावा. डाव्या हातानं आदी जायाचं, उजवा नुस्ता व्हय म्हनतोय." हे कळायला मला पंधरवडा लागला. एका दुपारी मी त्यांची वाट न बघता बटण दाबलं, आणि त्याच क्षणी नखी तिथं पोचली. एक सबंध ओळ निघाली. वाकडी, पण सलग. आतून आक्का पिठाच्या हातानं बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या. त्या रात्री अण्णा, चुकलो, त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, अण्णांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

सुट्टी संपत आली तसा मला घोर लागला. शाळा उघडणार, मी साताऱ्याला जाणार, आणि मग? आक्का म्हणाल्या, घरकामातून आपला हात मोकळा होत नाही. निघायचा दिवस आला. मी बेंजो कापडात गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात दारात गणपा. हलगीवाला. शेळ्या बाहेर बांधून, "कसं हाय अण्णा?" म्हणून विचारायला आलेला.

अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गणपा, हात धू रं."

"कशाला? जेवून आलोय मी."

"हात धू आनि हितं बस गड्या. डावीकडं."

गणपाची बोटं हलगीवर वाढलेली. त्यानं पहिलंच बटण असं हाणलं की पेटी हलली. "आरं मारतूस काय! हलगी न्हवं ती. शेळीच्या पिलावानी धर." मी पिशवी उचलली आणि एसटीला निघालो. कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णांचा ओरडा ऐकू येत होता, आणि तो ऐकून इतकं बरं वाटलं की मी साताऱ्यापर्यंत उभा होतो तरी चालून गेलं.

त्यानंतर त्या घरात एक रीतच पडली. तब्येत विचारायला येणाऱ्याला चहा नंतर. आधी हात धुवायचा आणि डावीकडं बसायचं. सोसायटीचे चेअरमन आले, बोटातल्या अंगठ्या काढून बसले. विम्याचा एजंट आला. व्यायामाचा तो तरुण डॉक्टर आला, त्याला अण्णा म्हणाले, "तुमचा चेंडू मी दाबतो, माझं बटन तुमी दाबा." शेजारच्या दोघी सुना आल्या आणि सगळ्यांत तरबेज निघाल्या, कारण त्या ऐकून घेत होत्या. अण्णांनी प्रत्येकाला त्याच्या हाताप्रमाणं गाणं वाटून दिलं. "चेअरमनचा हात जड हाय, त्येला आरती द्या. चुकला तर देव सोसतोय." मला ती शाळेची प्रार्थनाच ठेवली. सातारच्या पावण्याला जास्त ताण नको म्हणून.

आयुष्यभर ट्रॉलीत एकटा चमकणारा माणूस तो. आता एकेका गाण्यासाठी त्याला कुणाची तरी वाट बघावी लागे. मी एकदा विचारलं, जड जातं का? म्हणाले, "जड कशाचं? आदी एकच डावा हात हुता. त्योच त्यो. आता रोज नवा येतोय. कुनाचा थंड, कुनाचा गरम. लय मजा हाय." गणपाच्या नातीच्या बारशाला ते गेले तेव्हा पाळण्याभोवती डाव्या हातांचा ताफाच होता; गाणं बदललं की माणूस उठे, दुसरा बसे, आणि अण्णांचा उजवा हात चालूच. व्यायाम चालू राहिला म्हणून डाव्या हाताचं एक बोट एकदा आपोआप हललं, असं आक्का म्हणतात. मी पाहिलं नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "हललं आसंल. कामाचं न्हवतं."

दोनेक वर्षं अशी गेली. मग दुसरा झटका आला, लहान, पण त्यानं उजव्याची ताकद नेली. सुनीताला फोन आला तेव्हा आम्ही दोघंही गेलो, दिवाळीच्या सुट्टीत. मनाची तयारी करून गेलो होतो. आमच्याकडं वळलेली पाठ बघायची.

ओट्यावर चढतानाच तारा ऐकू आल्या. आत अण्णा खाटेवर आडवे, दोन्ही हात पांघरुणावर निवांत. खाली जमिनीवर शेजारची धाकटी सून बटणं दाबत होती आणि उजवीकडं, नऊवारीचा पदर कमरेला खोचून, नखी धरून, आक्का बसल्या होत्या.

"आई, तू?" सुनीता दारातच थांबली.

"काय करू?" आक्का नखी न थांबवता म्हणाल्या. "एक दिस ह्येंच्या हातनं नखी पडली. उचलून देते तर घेईनात. म्हनले, तूच मार. मी म्हनलं, मला येत न्हाई. तर म्हनले, लगीन हून आलीस तवा भाकरी तरी कुटं येत हुती?"

खाटेवरून अण्णा म्हणाले, शब्द आता फारच जड झाले होते, "लय जोरात मारतीया. राग काडतीस व्हय माझ्यावरचा?"

"व्हय," आक्का म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नंचा हाय. लगीच न्हाई सरायचा."

अण्णा हसले. पोट हलेपर्यंत हसले. मग डोळे मिटून पडून राहिले आणि धाकटीचं एक बटण चुकलं तसं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "वरचं. वरचं."

संक्रांतीच्या आधी ते गेले, सकाळी, झोपेतच. आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं मावत नव्हती. मी एकेकाला ओळखत गेलो: हा आरतीवाला, ही पाळण्यावाली, हा बस्तीच्या पूजेतल्या चालीचा. सगळे डावे. गणपा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि मला, चार माणसांत रडायला न जमणाऱ्या घराण्याचा जावई म्हणून, काय करावं ते कळेना.

सुतक फिटल्यावर आक्कांना साताऱ्याला चला म्हणालो. नको म्हणाल्या. एकट्या काय करणार म्हणून आम्ही काळजी करत राहिलो. उन्हाळ्यात एका शुक्रवारी त्यांचाच फोन आला. "जावईबापू, ऐतवारी येतासा? लय दिस झालं तुमचा हात न्हाई लागला. पराथना बी इसरली आसंल तुमची."

मी पहिली एसटी धरून गेलो. वाटेत मनात म्हणत होतो, बिचाऱ्या एकट्या बसल्या असतील वाट बघत, आपण जावई म्हणून जायलाच हवं. ओट्याशी पोचलो तर चपला ठेवायला जागा नव्हती. आत आक्का नखी घेऊन बसलेल्या, त्यांच्या डावीकडं चेअरमन अंगठ्या काढून, आणि भिंतीला टेकून ओळीनं गणपा, विमा एजंट आणि शेजारच्या दोघी, हात धुऊन.

आक्कांनी वर बघितलं. "आलासा? बसा. आदी ही समदी व्हतील, मग तुमी."

लग्न झाल्यापासून त्या घरात मला पहिला पाट होता. गणपानं थोडं सरकून जागा दिली. मी बाहेर जाऊन हात धुतले आणि येऊन रांगेत बसलो.